पोळ्याचा बैल आणि रोल्स-रॉइस : आराखड्यात ‘भडक’ लिहिण्याआधी



मागच्या काही दिवसांत चार-पाच जणांनी आपले संशोधन आराखडे वाचायला पाठवले. विषय छान आहेत. कुणाचा ट्रकांच्या मागच्या चित्रांवर आहे, कुणाचा गावोगावच्या फ्लेक्सवर, एकीचा लग्नपत्रिकांवर. पण सगळ्यांत एक शब्द सामाईक निघाला : ‘भडक’. कुठे ‘भडक रंगसंगती’, कुठे ‘भडक अभिरुची’, एका ठिकाणी तर ‘भडकपणाचे वाढते प्रमाण’. प्रमाण मोजलं कसं, हे मात्र कुठेच नाही.

आरआरसीत असा शब्द दिसला की पहिला प्रश्न येतो, कशाच्या तुलनेत भडक? बहुतेक जण तिथंच गडबडतात. कारण आपण तो शब्द विचार करून लिहिलेला नसतो, उचललेला असतो. म्हणून आज हा शब्द जरा टोकाच्या उदाहरणावर घासून पाहू. ट्रक-फ्लेक्स बाजूला ठेवा. कोट्यवधींच्या गाड्या घेऊन त्यांच्यावर मालकांनी करून घेतलेली विचित्र रंगकामं घ्या. हे उदाहरण मुद्दाम घेतलंय. ट्रकवाल्याबद्दल बोलताना ‘शिक्षण नाही, पैसा नाही, म्हणून असं’ ही पळवाट आपल्याला मिळते. इथे ती नाही. पैसा भरपूर आहे, जगातला सगळ्यात चांगला रंगारी बोलावता येतो, तरी बघणारा नाक मुरडतो. मग नाक नेमकं कशाला मुरडलं, हे शोधावंच लागतं.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. आचार्य रजनीश, पुढे भगवान श्री रजनीश आणि शेवटी ओशो. १९७४ पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कात त्यांचा आश्रम होता. १९८१ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि ओरेगॉन राज्यात चौसष्ट हजार एकरांच्या रानावर त्यांच्या शिष्यांनी रजनीशपुरम उभारलं. तुमच्यापैकी पुष्कळांनी २०१८ ची नेटफ्लिक्सवरची मालिका पाहिली असेल, त्यामुळे राजकारण, खटले सगळं माहीत आहे. ते सोडा. मला बोलायचंय ते तिथल्या रोल्स-रॉइसबद्दल. त्र्याण्णव गाड्या होत्या. स्पोर्ट्‌स कार नव्हेत, पण किमतीत आणि रुबाबात कमी नाहीत. त्यातल्या कितीतरी गाड्यांवर शिष्यांनी हाताने रंगकाम केलं होतं. दारांवरून उडत जाणारे पक्षी, मोरपिसं, ढग, ज्वाळा. ज्या गाडीचा काळा किंवा चंदेरी रंग म्हणजेच खानदानी, असं लोक समजतात, त्या गाडीवर मोर!

आता यावर दोन मतं सहज सापडतात. विरोधक म्हणतात, अभिरुचीचं दिवाळं. समर्थक म्हणतात, संपत्तीची थट्टा केली होती, तुम्हाला कळली नाही. गंमत पहा, दोन्ही मतं गाडीकडे न बघताच देता येतात. पहिलं मत देणाऱ्याला रजनीश आवडत नाहीत, दुसऱ्याला आवडतात. एवढाच फरक. तुमच्या आराखड्यातही हेच होतं. विषय आवडता असला की ‘लोककलेचा समृद्ध आविष्कार’, नावडता असला की ‘भडक’. वर्णन कुठेच नाही.

तर आधी वर्णन करू. ती गाडी बघितली कशी जायची? रोज दुपारी रजनीश स्वतः गाडी चालवत निघत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिष्य रांगेत उभे. गाडी अगदी सावकाश पुढून सरके. म्हणजे बघणारा उभा आहे, गाडी बाजूने दिसतेय, अंतर हातभर, वेग माणसाच्या चालीचा. हा गाडीचा नेहमीचा वापर नाही. हा रथाचा वापर आहे. पालखी सोहळ्यातला रथ आठवा. त्याच्यावरची नक्षी लांबून बघायला केलेलीच नसते, समोरून सरकताना बघायला केलेली असते.

हे एकदा मांडलं की निर्णय देता येतो. त्या काळची रोल्स-रॉइस सिल्व्हर स्पर घ्या. लांबलचक, सपाट, उभी बाजू. चित्रासाठी भिंत म्हणा ना. तिच्यावर एकामागून एक उडत जाणारे पक्षी मला योग्य वाटतात. गाडी सरकते तसा थवा सरकतो. उभ्या माणसाला ते चित्र पुरेसा वेळ दिसतं. पण ज्वाळा? ज्वाळा हा नक्षीप्रकार आला कॅलिफोर्नियातल्या हॉट रॉडवरून, १९४०-५० च्या सुमाराला. इंजिनातून आग निघून वाऱ्याने मागे फेकली जातेय, असा त्याचा अर्थ. म्हणजे वेगाची खूण. ती तुम्ही चालत्या माणसाच्या गतीने सरकणाऱ्या गाडीवर काढली की चित्र एक बोलतं आणि गाडी दुसरं. ती फसली, असं मी म्हणेन. लक्षात घ्या, दोन्ही गाड्या सारख्याच ‘भडक’ आहेत. तरी एक जमली, एक फसली. म्हणजे ‘भडक’ या शब्दाने आपल्याला काहीच सांगितलं नव्हतं.

हा माझा निर्णय आहे, तुम्ही खोडू शकता. पण खोडायला तुम्हाला गाडीकडेच बघावं लागेल, हा फायदा.

आता जरा आपल्याकडे येऊ. माझं गाव किन्हीराजा, मालेगाव तालुका, जिल्हा वाशीम. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेल्यापासून कधीमधी अशा गाड्या इकडेही दिसतात. एकदा पेट्रोल पंपावर एक बुटकी, जमिनीला टेकलेली गाडी थांबली होती. अंगभर जांभळा क्रोम, आरशासारखा. आम्ही पाच-सात जण बघत उभे. एक जण म्हणाला, “हे तं पोयाच्या बैलावानी दिसून राह्यलं बे!” सगळे हसले. मीही हसलो.

पण घरी येऊन विचार केला तर हे वाक्य फार मोलाचं निघालं. काहून की पोळ्याचा बैल आपल्याकडे हसण्याची गोष्ट नाहीच. आदल्या दिवशी खांदेमळणी, सकाळी आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर ठिपके, झूल, बाशिंग, गोंडे. घरातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात कामाची वस्तू आपण वर्षातून एकदा रंगवतो आणि गावभर मिरवतो. शंकरपटाच्या बैलजोडीची किंमत ऐकली तर स्पोर्ट्‌स कारची उपमा चुकीची वाटणार नाही. मग तोच शब्द टिंगलीसाठी कसा वापरला गेला? कारण बोलणारा त्या क्षणी गावातला राहिला नव्हता. अशा गाडीवर काय ‘शोभतं’ हे ठरवणारा जो शहरी डोळा आहे, तो त्याने उसना घेतला होता. आणि त्या डोळ्याने सगळ्यात आधी आपल्याच बैलाला खाली ढकललं.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला ताणायचं, मस्करी होती. पण हाच उसना डोळा तुम्ही आराखड्यात वापरता. गावातून येता, ट्रकवर संशोधन करता आणि पहिल्या पानावर लिहिता ‘भडक’. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं ‘डिस्टिंक्शन’ हे पुस्तक (मूळ फ्रेंच १९७९, इंग्रजी १९८४) याच विषयावर आहे. १९६० च्या दशकात त्याने १,२१७ लोकांना प्रश्नावली दिली. कोणतं संगीत आवडतं, कोणतं चित्र, घरात फर्निचर कुठून आणता, फोटो कशाचा चांगला येईल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आवड ही आपोआप आलेली नसते, ती घर आणि शाळा यांतून येते, आणि नावड तर त्याहून जास्त सांगते. आपण एखाद्या गोष्टीला हलकं ठरवतो तेव्हा आपण कुठे उभे आहोत, किंवा कुठे उभं राहायची इच्छा आहे, ते जाहीर करतो. पुस्तक जाड आहे, वाक्यं लांबच लांब आहेत, पहिल्यांदा वाचताना डोकं दुखतं. तरी साहित्याच्या आढाव्यात नुसतं नाव टाकू नका, निदान अभिरुचीच्या सर्वेक्षणाचा भाग वाचा. आणि वाचून झाल्यावर त्याच्यावरही प्रश्न विचारा. फ्रान्समधल्या प्रश्नावलीतला माणूस शाळेत शिकलेल्या आवडीने बोलतो. पोळ्याला बैल रंगवणाऱ्याची आवड कुठल्या शाळेतून आली? जत्रेतून, सिनेमाच्या पोस्टरवरून, रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या डब्यांवरून? ही पोकळी म्हणजेच तुमचा संशोधन प्रश्न असू शकतो.

पुढचा मुद्दा ‘मूळ’ रंगाचा. अशा रंगकामांवर टीका करणारे नेहमी म्हणतात, मूळ गाडीचा अपमान केला. फेरारी म्हणजे लाल. मुंबईकरांना आठवत असेल, सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये मिळालेली फेरारी ३६० मोडेना, तीही लालच. पण हा लाल फेरारीने शोधलेला नाही. जुन्या मोटार शर्यतींत प्रत्येक देशाला एक रंग ठरलेला होता. इटलीला लाल, फ्रान्सला निळा, ब्रिटनला हिरवा, जर्मनीला पांढरा. म्हणजे फेरारी लाल होती कारण ती इटलीची होती. आणि तो रंग खुद्द एन्झो फेरारीने टाकून दिलेला आहे! १९६४ मध्ये इटलीच्या मोटार संघटनेशी त्याचं भांडण झालं. रागाच्या भरात त्याने हंगामातल्या शेवटच्या दोन शर्यतींत, अमेरिकेत आणि मेक्सिकोत, गाड्या पांढऱ्या-निळ्या रंगात उतरवल्या. त्याच रंगात जॉन सर्टीझने मेक्सिकोत जगज्जेतेपद पक्कं केलं.

आता पन्नास वर्षं पुढे या. डेडमाऊस नावाच्या कॅनडियन संगीतकाराने आपल्या फेरारी ४५८ वर आकाशी रंगाचं आवरण चढवलं, त्यावर इंटरनेटवरची ती इंद्रधनुष्य सोडत पळणारी मांजर, आणि बिल्ला बदलून ‘पुरारी’. २०१४ मध्ये गाडी विकायला काढल्यावर कंपनीचं वकिली पत्र आलं. त्याने आवरण उतरवलं, गाडी विकली, आणि मग लॅम्बोर्गिनी घेऊन तिच्यावर तीच मांजर चढवली. मला स्वतःला ती मांजर फारशी आवडत नाही. विनोद एकदा हसून संपतो आणि गाडी मात्र रोज दारात उभी असते. पण कंपनीच्या पत्रामागे अभिरुची होती असं समजू नका. प्रश्न नाव आणि चिन्ह यांच्या मालकीचा होता. गाडी विकली, तरी ती कशी दिसावी यावर विकणाऱ्याचा हक्क उरतो का? ‘अभिरुचीहीन’ म्हटलं की हा प्रश्न झाकला जातो. रंग फेकून देण्याचा हक्क १९६४ मध्ये मालकाला होता, २०१४ मध्ये गिऱ्हाईकाला नव्हता, असंही म्हणता येईल. अगदी सरळ तुलना नाही ही, पण विचारात घ्यायला हरकत नाही.

इथेच एक सूचना, पुराव्याबद्दल. रंगांच्या गोष्टी फार गोड असतात आणि म्हणूनच धोक्याच्या. मर्सिडीजच्या ‘चंदेरी बाणां’ची गोष्ट तुम्हाला कुठेही मिळेल. १९३४, न्युरबुर्गरिंगची शर्यत, वजनाची मर्यादा ७५० किलो, गाडी एक किलो जास्त. मग व्यवस्थापक नॉयबाउरने रात्रीतून पांढरा रंग खरवडून काढला, खालचा अॅल्युमिनियम चमकला आणि चंदेरी रंग जन्मला. ही गोष्ट मुख्यतः नॉयबाउरच्या नंतरच्या आठवणींमधून पसरली. इतिहासकारांनी शंका काढल्या. त्या शर्यतीला ती वजनाची मर्यादा लागू होती का? आणि १९३२ मध्येच बर्लिनच्या आव्हुस शर्यतीत मर्सिडीजची चंदेरी गाडी धावली होती, त्याचं काय? दोन प्रश्नांत गोष्ट खिळखिळी झाली. तुमच्या क्षेत्रकार्यात एखादा जुना रंगारी सांगेल, “हा मोर पहिल्यांदा मीच काढला.” ऐका, टिपून घ्या, आणि मग जुना फोटो शोधा.

नुसती सहानुभूती दाखवून सोडू नये म्हणून आता टीकाही करतो. माझ्या मते खरोखर वाईट रंगकाम कोणतं? जे गाडीचा आकार मारून टाकतं. स्पोर्ट्‌स कारच्या किमतीत मोठा वाटा तिच्या वळणांचा असतो. दाराच्या वरून निघालेली रेघ मागच्या चाकावर कशी फुगते, प्रकाश त्यावरून कसा घसरतो, यासाठी रचनाकार वर्षं घालवतात. आता गंमत अशी, की कंपनी बाजारात न आलेली गाडी रस्त्यावर तपासते तेव्हा तिचा आकार कुणाला कळू नये म्हणून तिला काळ्या-पांढऱ्या गिचमीड नक्षीचं आवरण घालते. म्हणजे आकार लपवण्याचा सिद्ध उपाय काय, तर अंगभर गिचमीड नक्षी. आणि कोट्यवधी मोजून आकार विकत घेतलेला माणूस तिच्यावर लष्करी ठिपके किंवा फॅशन कंपनीची चिन्हं अंगभर छापून घेतो! पंपावरच्या त्या जांभळ्या क्रोमचंही तेच. आरसा केला की गाडीत पंप दिसतो, आम्ही दिसतो, गाडी दिसत नाही. याला मी फसलेलं काम म्हणतो, आणि त्यात ‘भडक’ हा शब्द लागत नाही.

उलट उदाहरण अँडी वॉरहॉलचं. बीएमडब्ल्यूने १९७५ पासून कलाकारांकडून गाड्या रंगवून घ्यायला सुरुवात केली, पहिली अलेक्झांडर काल्डरची. आधीचे कलाकार छोट्या प्रतिकृतीवर रंगवत आणि कारागीर ते मोठ्या गाडीवर उतरवत. वॉरहॉलने १९७९ मध्ये एम-वन या गाडीवर स्वतःच्या हाताने, अर्ध्या तासाच्या आत, कुंचल्याने रंग फासला. जवळून पाहिलं तर ओघळ, बोटांच्या रेघा. आपल्या गावच्या रंगाऱ्याने असं काम दिलं तर पैसे कापू. पण ती गाडी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावली, सहावी आली. वेगात रंग एकमेकांत मिसळतात, हेच त्याला दाखवायचं होतं. म्हणजे रजनीशांच्या पक्ष्यांच्या बरोबर उलटं तर्कशास्त्र, आणि तरी तितकंच योग्य. आणि ते संग्रहात गेलं म्हणून कुणी त्याला भडक म्हणत नाही, हेही खरंच. आपले पंढरपूरला जन्मलेले हुसेन मुंबईत सुरुवातीला सिनेमाचे फलक रंगवत होते. फलकावर असताना त्या रंगांना काय म्हटलं जात असेल, अंदाज करा.

पैशाचं आणि कायद्याचं थोडं, कारण क्षेत्रकार्यात उपयोगी पडेल. हल्ली अशी बहुतेक ‘रंगकामं’ रंग नसून व्हिनाइलचं आवरण असतात. पोळ्याच्या रंगासारखी, काढता येणारी. आतला कंपनीचा रंग शाबूत राहतो, पुनर्विक्रीची किंमत राहते. खरा कँडी रंग वेगळा. धातूचा चुरा असलेल्या थरावर पारदर्शक रंगाचे थर देत जायचे, प्रत्येक थराला रंग गडद होतो. म्हणून एका दाराला खरचटलं की तेवढाच भाग जुळवणं जवळपास अशक्य. तेव्हा मुलाखतीत ‘रंगवली’ म्हणाला की विचारा, रंग की आवरण? परत फिरता येणारी हौस आणि परत न फिरता येणारी हौस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आपल्याकडे वाहनाचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, तो बदलला तर आरटीओकडे नोंद बदलावी लागते. ऑलिव्ह ग्रीन तर खासगी वाहनाला देताच येत नाही, तो सैन्यासाठी राखीव. ट्रकांच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये बंद करायला सांगितलं, कारण दिलं ते हॉर्नच्या गोंगाटाचं. म्हणजे सरकारी कागदात कारण सुरक्षितता, शिस्त, ध्वनी असं येतं. ‘कुरूप दिसतं’ असं कुणी लिहीत नाही. मग हे कागद वाचताना अभिरुची कुठे लपलीय, का लपलेलीच नाही, हे तपासणं तुमचं काम.

शेवटी प्रत्यक्ष दुरुस्ती. एका आराखड्यातलं वाक्य, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन देतोय : “ट्रकांवरील भडक रंगसंगती ग्रामीण अभिरुचीचे दर्शन घडवते.” आम्ही दोघांनी बसून ते असं केलं : “मालेगाव तालुक्यातील ट्रकांच्या मागील फळीवर लाल, पिवळा व हिरवा हे रंग एकमेकांना लागून येतात. हे रंग चालकाने निवडले, मालकाने, की रंगाऱ्याने, आणि ते मागच्या वाहनातून, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात दिसावेत असा त्यांचा अंदाज होता, याचा शोध या अभ्यासात घेतला जाईल.” लांब झालं, मान्य. पण याला आता प्रश्नावली लावता येते, फोटो काढता येतात, मे महिन्याच्या दुपारी आणि रात्री हेडलाइटच्या उजेडात तुलना करता येते.

‘ग्रामीण अभिरुची’ हे दोन शब्द त्याने अजून काढलेले नाहीत, प्रस्तावनेत ठेवलेत. मार्गदर्शकांना आवडतात म्हणे. त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे. तुमच्या आराखड्यात असं एखादं वाक्य असेल तर तेवढंच वाक्य पाठवा, पूर्ण फाइल नको.